ब्रिटनी आंदणात गेली नव्हती: डचेस अ‍ॅनच्या विवाहांविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

फ्रान्सच्या इतिहासाविषयीचा एक मजकूर सध्या मराठी वाचकांत हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: मध्ययुगीन फ्रान्समध्ये सॅलिक कायद्यामुळे स्त्रीला सरदारकीचा वारसा मिळत नसे, त्यामुळे फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांताचा ड्यूक दुसरा फ्रान्सिस १४८८ मध्ये मुलगा नसताना वारला तेव्हा त्याची डची, म्हणजे ड्यूकची जहागीर, बेवारस झाली, फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याने ड्यूकची मुलगी अ‍ॅन हिला, ती ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनची पत्नी असताना, पळवून आणून १४९१ मध्ये तिच्याशी लग्न केले, त्या लग्नात ब्रिटनी फ्रान्सला आंदण मिळाली, चार्ल्स वारल्यावर अ‍ॅन गादीबरोबर पुढच्या राजाकडे गेली, आणि १५१४ मध्ये तिचा मृत्यू व तिच्या मुलीचे लग्न झाल्यावर ब्रिटनीचा स्वतंत्र हिशेबच उरला नाही.

यातील व्यक्ती खऱ्या आहेत आणि बहुतेक सनावळीही बरोबर आहे. चूक आहे ती विवाह म्हणजे खरेदीखत असे गृहीत धरण्यात. ब्रिटनीचे ड्यूकपद कोणाकडे होते, विवाहाच्या करारांत त्याविषयी काय लिहिले होते आणि ते करार पुढे कोणी मोडले, हे तीन प्रश्न विचारले की या दाव्याचा एकेक धागा सुटू लागतो.

प्रथम वारशाचा मुद्दा घेऊ. स्त्रीला वगळण्याचा प्रघात फ्रान्समध्ये पडला तो राजगादीपुरता, आणि तोही १३१६ ते १३२८ या बारा वर्षांत, एकामागून एक राजे मागे मुलगा न उरता वारले तेव्हा. सॅलिक कायद्याचे नाव त्या प्रघाताला नंतरच्या काळात जोडले गेले. सरदारक्यांचा वारसा मात्र त्या त्या प्रांताच्या रूढीने चालत असे. ११३७ मध्ये अ‍ॅक्विटेनची डची एलिनॉरकडे आली, १३०२ मध्ये आर्त्वाची काउंटी माओकडे आली, आणि शाँपेनची काउंटी नव्हारच्या झानकडे होती. झानचे लग्न १२८४ मध्ये पुढे राजा झालेल्या चौथ्या फिलिपशी झाले. तरीही शाँपेन राजसत्तेत कायमची विलीन झाल्याचा राजादेश निघायला १३६१ साल उजाडले. म्हणजे वारसदार स्त्रीचे राजाशी लग्न झाले की तिची जहागीर त्याच दिवशी राज्यात जमा होते, हे गणित ब्रिटनीच्या कितीतरी आधी चुकलेले होते.

खुद्द ब्रिटनीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. चौथ्या कोनानची मुलगी काँस्टन्स बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात डचेस होती आणि तिचे तीन विवाह झाले. पहिला इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीचा मुलगा जेफ्री याच्याशी, दुसरा चेस्टरच्या अर्लशी आणि तिसरा गी द थुआर याच्याशी. पती बदलले, डची तिचीच राहिली. तिची मुलगी आलिक्स हिचे लग्न १२१३ मध्ये राजघराण्यातील पिएर द द्रू याच्याशी झाले. पिएर हा मोठा करारी आणि भांडखोर शासक होता. सरदारांशी, बिशपांशी आणि राजाशीही त्याने उभा दावा मांडला. पण त्याचे ड्यूकपद पत्नीच्या हक्काने आलेले होते. आलिक्स वारल्यावर तो मुलाच्या नावाने कारभार पाहत राहिला आणि १२३७ मध्ये मुलगा सज्ञान होताच त्याला डची त्याच्या स्वाधीन करावी लागली. पतीला मिळणारा अधिकार कुठपर्यंत आणि कोणाच्या नावाने, हे ब्रिटनीतील लोकांना अ‍ॅनच्या जन्माच्या अडीचशे वर्षे आधीपासून ठाऊक होते.

या मुद्द्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण फिरत्या मजकुराला आधार मिळू शकला असता तर तो इथेच, आणि नेमका तो मजकुराच्या लेखकाने घेतलेला नाही. १३४१ मध्ये तिसरा जॉन निपुत्रिक वारला तेव्हा दोन दावेदार उभे राहिले. एक त्याच्या सख्ख्या भावाची मुलगी झान द पाँतिएव्र, जी फ्रान्सच्या राजाच्या भाच्याला, ब्लवाच्या चार्ल्सला दिलेली होती. आणि दुसरा जॉनचा सावत्र भाऊ, माँफोरचा जॉन. फ्रान्सचा राजा सहावा फिलिप स्वतः स्त्रीमार्गाने आलेला दावा बाजूला सारून गादीवर बसलेला होता, तरी काँफ्लाँच्या निवाड्यात त्याने झान व तिच्या पतीच्या बाजूने कौल दिला. उलट, आईच्या हक्काने फ्रान्सची गादी मागणारा इंग्लंडचा तिसरा एडवर्ड पुरुष दावेदार माँफोरच्या पाठीशी उभा राहिला. यात कायदा कमी आणि सोय जास्त होती. तेवीस वर्षांच्या युद्धानंतर २९ सप्टेंबर १३६४ रोजी ओरेच्या लढाईत ब्लवाचा चार्ल्स मारला गेला, आणि १३६५ च्या गेराँदच्या तहाने ठरले की माँफोर घराण्यात पुरुष वारस असेपर्यंत स्त्रीला ड्यूकपद मिळणार नाही, आणि तो वंश खुंटला तर ते पाँतिएव्र घराण्याच्या पुरुषांकडे जाईल.

हा तह अ‍ॅनच्या विरोधात जातो हे मान्यच केले पाहिजे. तिच्या वडिलांना, दुसऱ्या फ्रान्सिसला, १४५८ मध्ये ड्यूकपद मिळाले ते याच नियमाने. आधीचा ड्यूक पहिला फ्रान्सिस याच्या दोन मुली हयात असताना त्यांना मागे ठेवून पद आधी एका भावाकडे, मग काकाकडे आणि शेवटी या चुलतभावाकडे आले. पण आता त्या तहाचे पुढे काय झाले ते पाहा. पाँतिएव्र घराण्याचा हक्क फिरत फिरत निकोल नावाच्या स्त्रीकडे आला होता, आणि अकराव्या लुईने १४८० मध्ये ५०,००० लिव्र (त्या काळचे फ्रेंच चलन) मोजून तो तिच्याकडून विकत घेतला. स्त्रीला ब्रिटनीवर हक्कच पोहोचत नव्हता, तर फ्रान्सच्या राजाने एवढी रक्कम कशासाठी मोजली, याचे उत्तर या दाव्याच्या समर्थकांना द्यावे लागेल. दुसरीकडे, दुसऱ्या फ्रान्सिसने १४८६ मध्ये ब्रिटनीची वर्गसभा, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि शहरांचे प्रतिनिधी यांची सभा, भरवून अ‍ॅन आणि तिची धाकटी बहीण इझाबो यांना वारस म्हणून मान्यता घेतली. तो वारला तेव्हा अ‍ॅन अकरा वर्षांची होती. १० फेब्रुवारी १४८९ रोजी रेनमध्ये तिचा डचेस म्हणून राज्याभिषेक झाला. डची बेवारस नव्हती. तिला वादग्रस्त वारस होता, आणि वादग्रस्त वारस व बेवारस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पळवून आणल्याची कथा हॅब्सबर्ग, म्हणजे मॅक्सिमिलियनच्या घराण्याच्या, पक्षाच्या प्रचारातून आलेली आहे. त्यात तथ्य आहे ते इतकेच, की मॅक्सिमिलियनचा दुहेरी अपमान झाला होता. १९ डिसेंबर १४९० रोजी त्याचा आणि अ‍ॅनचा विवाह रेनमध्ये प्रतिनिधीमार्फत लागला होता, आणि त्याची मुलगी मार्गारेट ही चार्ल्सची वाग्दत्त वधू म्हणून १४८३ पासून फ्रान्सच्या दरबारात वाढत होती. एकाच निर्णयाने त्याची पत्नी गेली आणि मुलीचे लग्न मोडले. पण अ‍ॅनला कोणी उचलून नेले नव्हते. १४८८ च्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांचा लढाईत पराभव झाल्यावर झालेल्या तहात मुलींची लग्ने राजाच्या संमतीशिवाय करणार नाही असे कलम होते, आणि मॅक्सिमिलियनशी झालेला विवाह म्हणजे त्या कलमाचा भंग, असे म्हणून चार्ल्सने युद्ध पुन्हा सुरू केले. १४९१ मध्ये रेनला वेढा पडला. तिजोरीत पैसा नव्हता, भाडोत्री सैनिकांचा पगार थकला होता, आणि मॅक्सिमिलियन हंगेरीच्या मोहिमेत गुंतलेला असल्यामुळे त्याच्याकडून मदत येण्याची आशा नव्हती. तेव्हा चौदा वर्षांच्या डचेसने सल्लागारांबरोबर वाटाघाटी मान्य केल्या आणि ६ डिसेंबर १४९१ रोजी लाँझेच्या किल्ल्यात लग्न झाले. नातेसंबंधाच्या अडसरासाठी लागणारी पोपची परवानगी फेब्रुवारी १४९२ मध्ये, लग्न होऊन गेल्यावर, मिळाली. हा युद्धाने लादलेला विवाह होता यात शंका नाही, आणि त्यातील जबरदस्ती झाकण्याचे कारण नाही. परंतु पळवून आणलेल्या मुलीबरोबर कोणी कलमवार करार करत नाही, आणि इथे करार झाला होता. त्या कराराला नाव न देता पुढे जाणे हा फिरत्या मजकुराचा सगळ्यात मोठा दोष आहे.

आंदणाची कल्पना मराठी वाचकाला चटकन पटते, कारण मुंबई पोर्तुगीजांनी इंग्लंडच्या राजाला आंदण दिली हे आपण शाळेपासून शिकलेले असतो. १६६१ च्या त्या तहात मुंबईचे बेट आणि बंदर इंग्लंडच्या राजाला कायमचे दिल्याचे स्वतंत्र कलम होते. १४९१ च्या लाँझेच्या करारात तसे कलम नाही. त्यात चार्ल्स आणि अ‍ॅन या दोघांनी ब्रिटनीवरील आपापले हक्क एकमेकांना दिले, आणि तेही अटीवर: अपत्य मागे न ठेवता अ‍ॅन आधी वारली तर तिचे हक्क चार्ल्सला, आणि चार्ल्स तसाच आधी वारला तर त्याचे हक्क अ‍ॅनला. निकोलकडून विकत घेतलेला दावाही राजाच्या बाजूने या करारात गुंतला होता. अ‍ॅन विधवा झाली आणि तिने पुन्हा लग्न केले, तर ते पुढच्या राजाशी किंवा गादीच्या पुढच्या वारसाशीच करावे, अशीही अट होती. ही अट जाचक होती, पण ती का घातली गेली ते लक्षात घ्यावे. ब्रिटनी लग्नाच्या दिवशीच फ्रान्सची झाली असती, तर विधवा राणी कोणाशी लग्न करते याची राजाला चिंता करण्याचे कारणच नव्हते. डची तिच्याबरोबर जाऊ शकते, ही भीती त्या अटीच्या प्रत्येक शब्दात आहे.

चार्ल्सच्या हयातीत अ‍ॅनला ब्रिटनीच्या कारभारात फारसा वाव मिळाला नाही. राजाने तो स्वतःकडे घेतला आणि ब्रिटनीची चॅन्सलरी, म्हणजे ड्यूकचे आदेश काढणारे कार्यालय, मोडीत काढली. एवढ्यावरून विलीनीकरण झाले होते असे कोणी म्हणेल. त्याची परीक्षा ७ एप्रिल १४९८ रोजी झाली. त्या दिवशी अँब्वाझच्या किल्ल्यात दाराच्या चौकटीवर डोके आपटून चार्ल्स अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्या दोघांचे एकही मूल जिवंत नव्हते. राजगादी ऑर्लेआँच्या लुईकडे, म्हणजे बाराव्या लुईकडे, गेली आणि ब्रिटनी, कराराप्रमाणे, अ‍ॅनकडे राहिली. काही दिवसांतच तिने ब्रिटनीची चॅन्सलरी पुन्हा सुरू केली, आपले अधिकारी नेमले आणि वर्गसभा बोलावली. त्याच वर्षी तिच्या नावाने सोन्याचे नाणे पाडले गेले. त्यावर ती सिंहासनावर बसलेली आहे, आणि कडेच्या लेखात फ्रान्सची राणी व ब्रिटनीवासीयांची डचेस अशी दोन्ही पदे आहेत. नाण्यावर १४९८ हे सालही घातलेले आहे. सात वर्षांपूर्वी आंदणात गेलेल्या प्रांताच्या नावाने विधवा राणीला सोन्याचे नाणे पाडता आले नसते.

ती गादीबरोबर पुढच्या राजाकडे गेली, हे वाक्य मला या मजकुरातले सर्वांत अन्यायाचे वाटते. बाराव्या लुईला तिच्याशी लग्न करायचे होते, पण त्याचे आधीचे लग्न, अकराव्या लुईची मुलगी झान हिच्याशी झालेले, अजून कायम होते. ऑगस्ट १४९८ मध्ये अ‍ॅनने त्याला वचन दिले ते अटीवर दिले: पोपकडून ते लग्न वर्षभरात रद्द झाले पाहिजे. ते डिसेंबरमध्ये रद्द झाले. झानला त्या खटल्यात किती मानहानी सोसावी लागली हा वेगळा आणि क्लेशदायक विषय आहे. लुईबरोबरचा विवाह ८ जानेवारी १४९९ रोजी नाँतमध्ये, अ‍ॅनच्या स्वतःच्या शहरात, तिच्या वडिलांच्या किल्ल्यात लागला. पहिले लग्न ब्रिटनीबाहेर, वेढ्याच्या धास्तीखाली झाले होते. दुसऱ्याची जागा आणि अटी तिच्या होत्या.

त्या अटी नीट वाचण्यासारख्या आहेत. आदल्या दिवशीच्या करारात असे ठरले की ब्रिटनीची डची राजगादीच्या वारसाकडे न जाता या दांपत्याच्या दुसऱ्या मुलाकडे, आणि मुलगे नसल्यास मुलींकडे जाईल. एकच अपत्य झाले तर त्या अपत्याच्या दुसऱ्या अपत्याकडे जाईल. आणि अ‍ॅन निपुत्रिक वारली तर लुईने हयातभर तिचा उपभोग घ्यावा, पण त्यानंतर डची तिच्या रक्ताच्या वारसांना परत मिळावी. डचीचे नाव पुसले जाऊ नये हा हेतूही त्यात नोंदलेला आहे. याखेरीज वेगळ्या दस्तऐवजाने राजाने मान्य केले की वर्गसभेच्या संमतीशिवाय ब्रिटनीत नवे कर बसणार नाहीत आणि तिथले हक्क व रूढी पूर्वीप्रमाणे चालतील. दोन गाद्या एका व्यक्तीच्या हाती पडू नयेत याची इतकी बारकाईने तजवीज करणाऱ्या स्त्रीविषयी, ती वस्तूसारखी या हातातून त्या हातात गेली असे लिहिणे केवळ ऐतिहासिकदृष्ट्या चूक नाही. तिने स्वतःच्या नावाने केलेले काम त्यामुळे खोडले जाते.

ही तजवीज कागदावरच राहिली असे कोणी म्हणेल, म्हणून पुढची पंधरा वर्षेही पाहावी लागतात. १४९९ मध्ये क्लोद ही मुलगी झाली. सप्टेंबर १५०४ च्या ब्लवाच्या तहाने तिचे लग्न मॅक्सिमिलियनच्या नातवाशी, म्हणजे पुढच्या पाचव्या चार्ल्सशी, ठरले आणि ब्रिटनी तिच्याबरोबर जाणार असे त्यात लिहिले गेले. यामागे अ‍ॅनची इच्छा होती. १५०४ मध्ये फ्रान्सचा राजा स्वतःच्या सहीने ब्रिटनी हॅब्सबर्गांच्या घरात जाऊ देण्याचा तह करतो, तर १४९१ मध्ये ती फ्रान्समध्ये विलीन झाली होती हे कसे मानायचे? याच सुमारास लुई गंभीर आजारी पडला असता अ‍ॅनने आपले सामानसुमान आणि जडजवाहीर नावांत भरून लवार नदीतून नाँतकडे रवाना केले. मार्शल द झिए या बड्या सरदाराने, जो स्वतः ब्रिटनीच्या रोआँ घराण्यातला होता, त्या नावा अडवल्या. राजा बरा झाला आणि अ‍ॅनने झिएवर खटला भरवला. त्याला दरबारापासून पाच वर्षे दूर राहण्याची शिक्षा झाली. राजा वारल्यास आपण ब्रिटनीत परत जाऊन डचेस म्हणून राहणार, हे तिच्या मनात किती स्पष्ट होते ते त्या नावांवरून कळते. आणि ते रोखण्यासाठी सरदारांनी राणीच्या नावा अडवण्यापर्यंत मजल मारावी, यावरून त्यांनाही ते तितकेच स्पष्ट दिसत होते.

पुढे लुईने हा तह मोडला. १५०६ मध्ये तूर येथे भरवलेल्या सभेच्या विनंतीचे निमित्त करून त्याने क्लोदची सोयरीक गादीचा वारस, अँगुलेमचा फ्रान्सिस याच्याशी केली. अ‍ॅनचा याला विरोध होता आणि ती जिवंत असेपर्यंत ते लग्न झाले नाही. ९ जानेवारी १५१४ रोजी ती ब्लवामध्ये वारली. देह राणी म्हणून साँ-दनीत पुरला गेला आणि हृदय, तिच्या इच्छेप्रमाणे, सोन्याच्या पेटीत नाँतला आईवडिलांच्या कबरीत नेले गेले. त्याच वर्षी १८ मे रोजी क्लोद आणि फ्रान्सिस यांचे लग्न उरकण्यात आले.

आता शेवटचा दावा, की इथे सगळे संपले. १४९९ च्या कराराचा हेतू सरळ लावला तर थोरली मुलगी फ्रान्सच्या भावी राजाला दिल्यावर ब्रिटनी धाकट्या मुलीकडे, १५१० मध्ये जन्मलेल्या रनेकडे, जायला हवी होती. तिला डावलले गेले. तरीही डची राज्यात विरघळली नाही. क्लोद स्वतःच्या हक्काने डचेस झाली, आणि १५१५ मध्ये तिचा पती पहिला फ्रान्सिस या नावाने फ्रान्सचा राजा झाल्यावर त्याला ब्रिटनीचा कारभार पाहण्यासाठीसुद्धा पत्नीकडून लेखी अधिकार घ्यावा लागला. क्लोद १५२४ मध्ये वारली आणि तिने डची थोरल्या मुलाला, युवराज फ्रान्सिसला, ठेवली. आजीच्या कराराचा रोख दुसऱ्या मुलाकडे, हेन्रीकडे, होता. म्हणजे दोन पिढ्यांत दोनदा करार डावलला गेला, आणि ब्रिटनी राजघराण्यात राहिली ती या डावलण्यामुळे. फिरता मजकूर याचे श्रेय की दोष अ‍ॅनच्या लग्नाला देतो, आणि ज्यांनी करार मोडले त्यांची नावेही घेत नाही.

औपचारिक विलीनीकरण झाले ते १५३२ मध्ये, अ‍ॅनच्या पहिल्या लग्नानंतर एक्केचाळीस वर्षांनी. राजा स्वतः ब्रिटनीत आला, सरदारांना तनखे आणि मानमरातब वाटले गेले, आणि विनंती वर्गसभेकडूनच यावी अशी व्यवस्था करण्यात आली. ऑगस्टमध्ये व्हान येथे भरलेल्या सभेने ती केली आणि राजाने नाँतमध्ये विलीनीकरणाचा आदेश काढला. सभेचा निर्णय कितपत मोकळा होता यावर वाद होऊ शकतो. मला तो फारसा मोकळा वाटत नाही. पण ज्या प्रांताचे विलीनीकरण १४९१ मध्ये होऊन गेले होते, त्याच्या सभेला १५३२ मध्ये इतके मनवण्याची गरज राजाला पडली नसती. त्याच ऑगस्टमध्ये युवराज फ्रान्सिसचा रेनमध्ये ड्यूक म्हणून राज्याभिषेकही झाला. सप्टेंबरच्या दुसऱ्या आदेशाने ब्रिटनीचे हक्क कायम केले: वर्गसभेच्या संमतीशिवाय कर नाही, ब्रिटनीतील माणसांचे न्यायदान ब्रिटनीतच, आणि धर्मपीठांच्या जागा तिथल्याच लोकांना. युवराज १५३६ मध्ये वारल्यावर ड्यूकपद हेन्रीकडे आले, आणि १५४७ मध्ये तो राजा झाला तेव्हा ड्यूकपद व राजपद एकाच व्यक्तीत कायमचे मिळाले.

ते हक्कही केवळ कागदी नव्हते. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने प्रांतांचे विशेषाधिकार रद्द केले, आणि त्यानंतर काही महिन्यांनी प्रांतिक उच्च न्यायालये अनिश्चित काळ सुट्टीवर ठेवण्याचा ठराव नोंदवून घ्यायला रेनच्या न्यायाधीशांनी नकार दिला. जानेवारी १७९० मध्ये त्यांना सभेपुढे हजर करण्यात आले. त्यांनी बचाव केला तो एवढ्याच आधारावर, की ब्रिटनी फ्रान्सशी जोडली गेली ती करारांनी, आणि त्या करारांतील हक्क ब्रिटनीच्या वर्गसभेच्या संमतीशिवाय कोणाला काढून घेता येत नाहीत. सभेने तो बचाव फेटाळला आणि त्या न्यायाधीशांना सार्वजनिक पदांसाठी अपात्र ठरवले.